अणू पिसायची कल्पना कुणाची?

...नाही, चिडू नको म्हणजे काय? तुम्ही पण चिडाल! तुम्हाला सांगतो, आमच्या प्रयोगशाळेत प्रकाशाच्या चिमट्यांनी एकेक अणू पकडून ओळीत बसवतात... बसवतात म्हणजे मी बसवतो, बाकीचे चहा पितात! मग एका अणूत गुपित ठेवायचं आणि सगळ्यांत असं मिसळून टाकायचं की एकाला विचारा, काही नाही. सगळ्यांना मिळून विचारा, सगळं आहे! पण गुपित जायचं शेजारून शेजारी, रांगत रांगत. मी म्हटलं, अहो, पत्ते पिसतात तसे अणूच पिसा ना, लांबचे जवळ येतील, एका झटक्यात पसरेल! माझी कल्पना, हां! आंघोळीत सुचलेली, डोळ्यांत साबण!

आणि मी गाढव, बोललो. कुणाला? मास्तरांना! मास्तर म्हणजे आमचे गाइड, एका हातानं पाठ थोपटतात, दुसऱ्यानं खिसा चाचपतात. "वा रे बाळा, बघू हं!" त्यांनी सांगितलं लेझरवाल्याला, त्यानं गणिताच्या बाईंना, आणि बघता बघता शोधनिबंध तयार! त्यात माझं नाव? शोधा! आणि निबंधात नाव नाही तर नोकरी पुढं चालू नाही, हा नियम कुणाचा? मास्तरांचाच!

आता प्रयोगात गुपित परत आणायचं तर सगळ्या पायऱ्या उलट्या करायच्या, शेवटाकडून सुरुवातीकडे. म्हटलं, इथंही तेच करू! आधी बाई. "अय्या, तुमची होती? मला तर लेझरवाल्यानं सांगितली!" मग लेझरवाला. "मी आपला आरसे पुसतो रे, कल्पना आपल्या सगळ्यांची!" बघा... एकाला विचारा, काही नाही. सगळ्यांना मिळून विचारा, सगळं आहे! उलट्या प्रयोगात एक जरी अणू चिमट्यातून निसटला की मुसळ केरात. आणि आमचा निसटलेला अणू खुर्चीत बसून चष्मा पुसत होता.

"अरे वेड्या," मास्तर चक्क गहिवरले हो, "तुझंच म्हणणं खरं ठरलं की! कल्पना इतक्या झटक्यात सगळ्यांत मिसळली की आता कुणा एकाची म्हणताच येत नाही. अभिमान बाळग! आणि जाताना प्रयोगशाळेची किल्ली ठेवून जा."

किल्ली ठेवली. काय करणार?

नाही, अगदीच काही नाही असं नाही हं. निबंधाच्या तळाशी आभार आहेत. आधी हवा उपसणाऱ्या पंपाचे, मग माझे. बरोबरच आहे म्हणा... पंपाला त्यांनी ठेवून घेतलंय.