‘क्लाय’ या शब्दाबाबत

मी, श्रीमती लामयोंग थोंगखाम, वय ६१ वर्षे, धंदा – चार खोल्यांचे लॉज चालवणे, राहणार बोटीच्या धक्क्यामागची गल्ली, बांग फ्लाट, बँकॉक. आज चौकीत समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

पाठीवर पिशव्या टाकून हिंडणारी परदेशी पोरं माझ्याकडे उतरतात. सोंगक्रानच्या सणाआधीच्या या उकाड्यात शहाणा माणूस दुपारी उंबरठा ओलांडत नाही, पण ही पोरं देवळं बघत हिंडतात. बाकावर बसलेला मुलगा फर्गल आणि हरवलेली मुलगी ओर्ला ही आयर्लंडची सख्खी भावंडं. गेल्या आठवड्यापासून ती माझ्याकडे आहेत. त्यांच्यात भांडण झालेले मी पाहिलेले नाही.

सदर मुलगी रोज सकाळी माझ्या स्वयंपाकघरात येऊन लसूण सोलत बसायची आणि आमची भाषा शिकायची. मिरची, पपई, पुरे, मावशी, असे शब्द. जवळ आणि लांब हे शब्दही मीच शिकवले. आमच्यात दोन्हींना ‘क्लाय’च म्हणतात. सूर वरून खाली पडला तर जवळ, सपाट राहिला तर लांब. तिचा सूर कायम सपाट. “मावशी, बरोबर आलं का?” असं विचारायची. मी म्हणायचे, “झकास!” तिच्या तोंडून ते गोड लागायचे, म्हणून मी सुधारले नाही.

फर्गलने माझे न ऐकता खारवलेला खेकडा घातलेली पपईची कोशिंबीर हादडली होती, त्यामुळे आज सकाळी तो पोट धरून पडला होता. ओर्ला एकटीच निजलेल्या बुद्धाच्या देवळात जायला निघाली. भावाला जास्त झालं तर असावा म्हणून तिने आपला फोन त्याच्या उशाशी ठेवला. मी म्हटलं, “अगं, नकाशा कशात बघशील?” तर मोडक्यातोडक्या शब्दांत म्हणाली, “माणसं आहेत ना!” दारातून तिने विचारले, “मावशी, देऊळ क्लाय का?” मी म्हटलं, “क्लाय.” ती हसली आणि चालू लागली. बस धरेल असे मला वाटले. पण ती थांबा मागे टाकून टोपी हलवत पुलाकडे गेली. मी मनात म्हटले, या पोरांना लांब आहे म्हटलं की जास्तच चेव येतो. मग मी भांडी घासायला बसले.

जेवायला परत येते म्हणाली होती, ती आली नाही. भाताची पेज निवून गेली. फर्गल उठून तसाच चौकीत आला व मी सोबत आले.

साहेबांच्या माणसांनी वाटेवरच्या लोकांना विचारले आहे. आमच्या कोपऱ्यावरचा भाजक्या केळ्यांचा थियाम म्हणतो, “आईशपथ, मी चांगलं स्पष्ट सांगितलं, क्लाय म्हणून.” पुलाजवळच्या रिक्षावाल्यानेही क्लाय असेच सांगितले. दोघांनाही तिने हात जोडले आणि पायीच पुढे गेली. देवळाजवळच्या फुलबाजारातली हारवाली म्हणते, “दुपारी आली, तोंड लालभडक. मी म्हटलं, क्लाय नाही गं. हातात सुई-दोरा होता, बोट दाखवता आलं नाही. तर आली तशी उलटी फिरली!”

यावर साहेब म्हणाले, “लांब म्हटलं की पुढे जाते, लांब नाही म्हटलं की मागे फिरते. हिला पोचायचंच नव्हतं, मावशी. भावापासून पळालीय.” त्यांनी बसस्थानकावर माणसे पाठवायला सांगितले. फर्गलला आमचे काहीच कळत नव्हते. तो एकदा साहेबांच्या तोंडाकडे, एकदा माझ्या तोंडाकडे बघत होता.

मग साहेबांनी मला विचारले, “तिने नेमकं काय विचारलं? तिच्यासारखंच बोलून दाखवा.” मी बोलून दाखवले, सपाट सुरात. साहेब म्हणाले, “म्हणजे तिने लांब आहे का असं विचारलं.” मी म्हटले, “नाही हो, तिचा सूर कायमच सपाट. तिला जवळ आहे का असं विचारायचं होतं.” आणि बोलता बोलताच मला सगळे उमगले.

आमच्यात ‘हो’ म्हणायचे तर विचारलेला शब्दच परत म्हणतात. ती विचारत होती जवळ का, आम्हाला ऐकू येत होते लांब का. आम्ही खरे तेच सांगत होतो, लांब. तिच्या कानाला सुरातला फरक कळत नव्हता, तिला आपलाच शब्द परत मिळत होता, जवळ. आणि खरोखर जवळ गेल्यावर हारवालीने लांब नाही म्हटले, ते तिने ऐकले जवळ नाही. आमच्यापैकी कोणीही खोटे बोललेले नाही.

मी म्हटले, “साहेब, बसस्थानक सोडा. ती पोर देवळापाशीच घुटमळतेय, जो तो तिला परत पाठवतोय. फुलबाजार बघा!” साहेबांनी लगेच फोन केला.

जबाब चालू असतानाच उलट फोन आला. मुलगी फुलबाजारात बर्फाच्या पेट्यांमागे गोणपाटावर पडलेली मिळाली. दारू पिऊन झोपलीय असे समजून लोक ओलांडून जात होते. अंग तव्यासारखे तापले आहे. तिला इस्पितळात नेले आहे. श्वास चालू आहे, डोळे अजून उघडलेले नाहीत. मला रडू आले, तेही लिहावे.

साहेबांनी फर्गलला खुणांनी समजावले. तो उभा राहिला आणि मला म्हणाला, “मावशी, इस्पितळ क्लाय का?” बहिणीकडून शिकला असणार, तोच सपाट सूर. जवळ विचारतोय की लांब, मला कळेना. काय सांगू, तेही कळेना. मी त्याचा हात धरला.

हा जबाब साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. क्लाय हा शब्द जिथे जिथे आला, तिथे त्यांनी सूर सांभाळून वाचला. जबाब मी सांगितला तसाच आहे. गाडी दारात उभी आहे, म्हणून उभ्यानेच सही करते. सही एका हाताने केल्यामुळे कागद हलून अक्षर वाकडे आले आहे. दुसरा हात मुलाने सोडलेला नाही.