मुठीचा डबा

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि माझे गुरुजी, आदरणीय उकंडराव. हिंगोलीहून वेळात वेळ काढून आलेले आमच्या चर्चच्या मंडळीचे अधीक्षक साहेब. ग्रामीण रुग्णालयातले आमचे बुद्धभूषणदादा. ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो ते सोमेश्वर पाळकसाहेब आणि त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या प्रियंकाताई. आणि शाळेच्या या सभागृहात पंख्याखालची जागा धरून बसलेल्या, तसंच ती न मिळाल्यामुळे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या सेनगावकर बंधुभगिनींनो, सर्वांना नमस्कार, जय भीम आणि जय ख्रिस्त.

मला पाच मिनिटं दिली आहेत. पाळकसाहेबांच्या उपदेशातली पाच मिनिटं धरली तर पाऊण तास होतो. पण मी चौतीस वर्षं एस.टी.त काढलेला माणूस, वेळापत्रक पाळणारा. तेव्हा घड्याळ बघून बोलतो.

साहेब अकरा वर्षं इथं होते, आता कुरुंद्याला चालले. त्यांनी काय काय केलं ते आधीच्या वक्त्यांनी सांगितलं आहे. मला फक्त खिचडीबद्दल सांगायचं आहे. हसू नका, खरंच खिचडीबद्दल.

आपल्यापैकी बऱ्याच जणांना आमच्या ख्रिस्ती लोकांतली एक रीत ठाऊक नसेल. आमच्या बायका रोज स्वयंपाकाला बसताना, तांदूळ धुवायच्या आधी, त्यातली एक मूठ बाजूला काढतात. डाळीतलीही थोडी. देवाचे उपकार मानायची ही पद्धत. ती मूठ एका डब्यात साठते, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे डबे चर्चमध्ये एका पोत्यात रिकामे होतात. मग ज्या घरावर त्या महिन्यात संकट आलं असेल, त्या घरी पाळकसाहेब ते पोतं स्वतः नेऊन देतात.

माझी बायको, जनकाबाई, हे बत्तीस वर्षं करत होती. मी दर वेळी तिला स्कूटरवर चर्चला न्यायचो. तिच्या मांडीवर पिशवी असायची. त्या पिशवीत काय आहे हे मी कधी विचारलं नाही. रविवारची भक्ती संपली की मी बाहेर स्कूटर काढायला जायचो, आणि डबे रिकामे व्हायचे ते त्यानंतर. बत्तीस वर्षं संसार केलेल्या माणसानं एवढंसुद्धा विचारू नये? पण नाही विचारलं.

जुलैमध्ये ती गेली. अंगणात कपडे वाळत घालत होती, दोरीपाशीच बसली आणि गेली. लोक म्हणाले, देवाचे उपकार माना, काही तकलीफ झाली नाही तिला. मी मान हलवली. रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही. गुरुजी, तुम्ही तेव्हा माझा खांदा धरून "मोकळा हो रे" म्हणाला होता. मी होणार होतो, पण आत काही नव्हतंच.

शेजारपाजाऱ्यांचे जेवणाचे डबे दोन आठवडे आले. मग मीच म्हटलं, पुरे. स्वयंपाकघरात शोधाशोध केली, तर चुलीच्या वरच्या फळीवर एक डबा सापडला. त्यात तांदूळ आणि तुरीची डाळ, एकत्र मिसळलेली. मला वाटलं, बाईनं माझ्यासाठी खिचडीची तयारी करून ठेवली आहे. ती कधी बाहेरगावी गेली की असं काहीतरी करून ठेवायचीच. मी रोज त्यातलं शिजवून खाल्लं. नऊ दिवस.

त्यातल्या चौथ्या दिवशी पाळकसाहेब आले. त्या दिवशी मी मीठ विसरलो होतो. तरी साहेबांनी दोनदा वाढून घेतलं, "चांगली झाली" म्हणाले, आपलं ताट आपण धुतलं आणि गेले. धर्मगुरूंना खोटं बोलायची परवानगी असते का, हे अधीक्षक साहेबांनी आपल्या भाषणात सांगावं.

पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी मी भक्तीनंतर बसूनच राहिलो. स्कूटर कोणासाठी काढायची? तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, बायका एकेक डबा पोत्यात ओतत होत्या. तांदूळ आणि डाळ, एकत्र मिसळलेली.

मी घरी गेलो, रिकामा डबा उचलला आणि साहेबांच्या दारात उभा राहिलो. म्हणालो, "साहेब, मी देवाचं खाल्लं."

साहेब म्हणाले, "मला ठावं हाय. डबा चुलीपाशी उघडाच व्हता. मी बी दोनदा घेतली ना."

"मंग त्याच दिशी बोलले काहून न्हाई?"

"सुदामभाऊ, त्या महिन्यात धान्य कोणाच्या घरी द्यायचं, ते मंडळीनं ठरवलं व्हतं. तुमचंच घर व्हतं. मी ते सांगायलाच आलतो. येऊन पाहतो तर जनकाबाईनं आधीच पोचतं केलेलं."

तेव्हाही मला रडू आलं नाही, हे मी या व्यासपीठावरून प्रामाणिकपणे सांगतो. मी एवढंच म्हणालो की, साहेब, उपकार माना असं तुमी दर रविवारी सांगता, मला ते जमून नाही राहिलं. आत काही हालतच न्हाई.

साहेबांनी मला बायबलमधलं वचन ऐकवलं नाही की प्रार्थना केली नाही. माझ्या हातातल्या डब्याकडे बघत म्हणाले, "आतलं राहू द्या. हात तर हालतो ना? मूठ काढा."

तेव्हापासून काढतो आहे. एका माणसाच्या भातातून एक मूठ गेली की काय उरतं, हे इथल्या बायांना विचारा. म्हणून आधी एक मूठ जास्तीची घेतो. त्या निमित्तानं तांदूळ घरात आणावे लागतात, चूल रोज पेटते आणि मी जेवतो. काढताना मनात काय येतं, असं परवा कोणीतरी विचारलं. काही येत नाही. माझी मूठ तिच्यापेक्षा मोठी आहे, एवढंच लक्षात येतं.

साहेब, शालश्रीफळ मंडळीकडून आहे. माझ्याकडून हा डबा. या महिन्यातलं यात आहे, काठोकाठ नाही. कुरुंद्यात नव्या घरी पहिल्या दिवशी प्रियंकाताईंना सामान लावता लावता स्वयंपाक सुचणार नाही. खिचडी करा, मीठ विसरू नका.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, सभागृह देणाऱ्या शाळेचे आणि आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत त्याबद्दल आपलेही मनापासून आभार. मनापासून हा शब्द सवयीनं आला, मनाचं मला अजून ठाऊक नाही. बोलण्याच्या ओघात काही कमीजास्त झालं असेल, कोणाचं नाव राहिलं असेल, तर पदरात घ्यावं.

आणि प्रियंकाताई, एक विनंती. जाताना धान्य पिशवीत ओतून घ्या आणि डबा तेवढा मला आजच परत द्या. उद्या सकाळी लागणार आहे.