विसाव्या ओळीला गठ्ठा

साहेब : स्पीकरची वायर कुणी काढली, एवढंच विचारतोय मी.

आक्का : आणि मी एवढंच सांगतेय, की मी काढली.

साहेब : आक्का, स्पीकर दहा फूट उंचावर आहे. तुमचे गुडघे मला माहीत आहेत.

धाकटी : मी काढली, साहेब. इस्त्रीच्या टेबलावर चढून.

आक्का : गप्प बस ना गं. अजून कायम व्हायची आहेस तू.

धाकटी : काढली ती काढली, आक्का. त्यात लपवायचं काय?

साहेब : बरं झालं, स्वतःहून बोललात. हा कागद वाचा. ‘माझ्याकडून चूक झाली. यापुढे कामाच्या वेळेत मी स्पीकरला हात लावणार नाही आणि गाणार नाही.’ खाली सही करा, पुढच्या महिन्यात कायम केल्याचं पत्र मी स्वतः आणून देतो.

धाकटी : आणि नाही केली तर?

साहेब : तर उद्यापासून येऊ नका. मला हे बोलायला आवडत नाहीये, पण वरून तसंच आलंय.

आक्का : बसू का साहेब? गुडघे तुम्हाला माहीतच आहेत.

साहेब : बसा. मला एक सांगा, हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात कोण स्पीकर लावून देतं? आणि गाणीही निवडक आहेत. गाजलेली, कामावरची, मेहनतीवरची.

आक्का : ऐकली की. दर दोन ओळींनी घामाचे मोती. लिहिणाऱ्याने ओली चादर कधी उचललेली नसावी. घामाने ती हातातून निसटते, मोती कसले.

साहेब : मग दुर्लक्ष करा.

धाकटी : तेच जमत नाही. परवा ऑपरेशनच्या वॉर्डातून तुम्हाला फोन आला ना, गठ्ठ्यांत चादरी कमी-जास्त निघाल्या म्हणून?

साहेब : एकात अठरा, एकात बावीस. निष्काळजीपणा, दुसरं काय? वीस मोजता येत नाहीत?

धाकटी : आम्ही मोजतच नाही.

साहेब : म्हणजे?

आक्का : आमच्या गाण्याला वीस ओळी आहेत. एका ओळीला एक चादर. समोरासमोर दोघी टोकं धरतो. ‘ये गं पुढं’ला जवळ यायचं, ‘जा गं मागं’ला लांब. ओळ संपली की घडी खाली. विसाव्या ओळीला गठ्ठा बांधायचा. माझ्या आधीच्या बायकांनी बांधलंय हे गाणं. इतक्या वर्षांत एक चादर चुकली नाही. तुमचा स्पीकर आला आणि बारावी ओळ कुठली नि तेरावी कुठली, कळेनासं झालं.

साहेब : मग आकड्यांनी मोजा. एक, दोन, तीन.

आक्का : तेही केलं. मी म्हटलं सात, समोरची म्हणाली आठ. मग दहा मिनिटं भांडलो, आणि ती दहा मिनिटं मात्र दोघींनी बरोबर मोजली.

धाकटी : शिवाय जेवणानंतर तुमची गाणी पळायला लागतात.

साहेब : पळतात म्हणजे?

धाकटी : सकाळी संथ, दुपारी घाईत. आधी वाटलं मीच दमलेय. मग घरी बाळाला थोपटत होते, तर हात आपोआप त्याच ठेक्यात. झोपलेलं लेकरू दचकून उठलं. तेव्हा कळलं मी काय घरी घेऊन आलेय ते.

साहेब : यादी वरून येते. दुपारी सुस्ती चढते, म्हणून ठेका वाढवतात. सगळीकडे करतात.

आक्का : आम्हाला सांगितलं नव्हतं कुणी.

साहेब : सांगितलं तर उपयोग होत नाही म्हणे.

आक्का : अस्सं.

साहेब : बरं, मधला मार्ग काढू. तुमचंच गाणं मोबाईलवर घेतो आणि स्पीकरवर लावतो. वीस ओळी, वीस चादरी. तुमचंही राहील, माझंही.

आक्का : हे बरंय की. काय गं?

धाकटी : दुपारी पळवणार ते?

साहेब : थोडंसं. कळणारसुद्धा नाही.

धाकटी : मग नको.

साहेब : हट्ट कशाला? घरी लहान मूल आहे तुमचं.

धाकटी : म्हणूनच नको. साहेब, ते पोटात होतं तेव्हा आठव्या महिन्यापर्यंत घड्या घातल्यात मी इथे. वाकून चादर उचलायला वेळ लागायचा. कुणी म्हणालं नाही, हळू कर, की बस. प्रत्येक चादरीनंतर आम्ही पालुपद म्हणतो ना, ‘थांब गं बाई, कोपरा कुठं जात नाही’, ते लांबायला लागलं. अकराजणी शेवटचं अक्षर ओढून धरायच्या, मी सरळ उभी राहीपर्यंत. दोन आठवड्यांनी माझ्या लक्षात आलं, ते माझ्यासाठी आहे. तुमच्या मोबाईलला दिसेल का, कोण वाकलंय ते?

आक्का : सांगायचं नसतं गं ते.

धाकटी : वायर काढली ती चूक म्हणा, तेवढं लिहून देते. ‘गाणार नाही’ हे नाही लिहून देणार.

(टेबलावरचा फोन वाजतो. साहेब उचलतात.)

साहेब : हो. दोनशे चादरी, चारपर्यंत. हो, वीस-वीसचेच गठ्ठे. या वेळी नक्की. ठेवतो… आणि बाहेर एवढं शांत कसं काय?

आक्का : बाकीच्या दहाजणी थांबल्यात. हिची वाट बघतायत.

साहेब : संप केलात?

आक्का : छे, कसला संप. टोकं हातात धरून उभ्या आहेत बिचाऱ्या. गाणं उचलायला हीच लागते, माझा गळा गेला.

साहेब : दुसरं कुणी सुरू केलं तर काय बिघडेल?

आक्का : काहीच नाही. पण आज करायचं नाही, असं ठरलंय.

साहेब : म्हणजे संपच.

आक्का : शब्द तुम्हाला हवा तो घ्या.

साहेब : वर काय सांगू मी?

धाकटी : चारला कुठलाही गठ्ठा उघडून मोजा. जे निघेल ते सांगा.

साहेब : हा कागद मी ड्रॉवरमध्ये ठेवतोय. फाडलेला नाही, लक्षात ठेवा.

धाकटी : ठेवा. पुन्हा काढाल, तेव्हाही सही नाही करणार.

साहेब : जा आता. आणि दार लावून गा, वर आवाज जायला नको.

धाकटी : दार उघडंच राहील, साहेब. आत फार उकडतं.