कडी बाहेरच्या बाजूला

…आणि वर बाबा मलाच म्हणतात, "माल पाय ना वं तू!" आता तुम्हीच सांगा, दार काय फक्त माल पाहण्यासाठी असतं का? पाहिला मी माल. सागवान आहे, जाड आहे, वाळवीचा एक ठिपका नाही, सगळं मान्य. पण दार लागायला नको? म्हणजे लागतं, तसं लागतं… फक्त मला लावता येत नाही.

थांबा, सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही मुलगी उगाच कुरकुर करते.

आम्ही हुडकेश्वरकडे घर बांधलं, आणि बाबांचं ठरलेलं होतं की लोक चांगल्या चांगल्या इमारती पाडून राहिले, दारं-खिडक्या उन्हात पडून राहिल्या, मग आपण नवीन काहून आणायचं? विचार चांगलाच आहे, मी शाळेत यावर निबंधही लिहिला. पण तुम्हाला सांगते, लोक आधी नकाशा काढतात आणि मग खिडक्या आणतात; आमच्याकडे आधी खिडकी यायची आणि मग तिच्या मापाची भिंत! स्वयंपाकघराला जी खिडकी आहे ना, ती एका पाडलेल्या टॉकीजची तिकीटखिडकी आहे, खाली हात जाईल एवढी कमान असलेली. शेजारच्या काकू त्या कमानीतून वाटी सरकवून साखर मागतात, आणि आई वर न पाहताच वाटी भरून परत सरकवते. बाथरूममध्ये कोणाच्या तरी स्वयंपाकघराच्या उरलेल्या टाइल्स आहेत, त्यामुळे आंघोळ करताना समोर अननस, द्राक्षं आणि एक किटली. आई म्हणाली, अवो, हे बरं नाही दिसत. बाबा म्हणाले, माल पाय ना.

मी कशालाच काही म्हटलं नाही. मला एकच गोष्ट पाहिजे होती. आधी आम्ही दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात होतो, तिथे मी कपाटाच्या उघड्या पल्ल्यामागे कपडे बदलायचे आणि कविता पाठ करायला गच्चीवर जायचे, तर तिथेही कोणीतरी पापड राखत बसलेलं असायचं. म्हणून मी बाबांना सांगितलं, मला आतून बंद होणारं दार द्या, बाकी अननस असू द्या.

आणि बाबांनी आणलं! धंतोलीतला एक बंगला पाडला, त्यातलं दोन पल्ल्यांचं दार, चौकटीसकट. वरच्या बाजूला लोखंडी साखळीची कडी, तिच्या पट्टीवर फुलं कोरलेली. दार टेम्पोतच होतं तेव्हा मी चढून ती कडी कोयंड्यात अडकवून पाहिली. खट्ट. इतका छान आवाज… मला वाटलं, झालं, आता जगात कोणाशी बोलायची गरज नाही.

मग ती चौकट बसवायचा दिवस आला. आता पहिली चौकट उभी करताना पूजा करतात, हे तुम्हाला माहीत आहेच. ती खरं तर घराच्या मुख्य दाराची असते. पण मुख्य दार बाबांना मनासारखं सापडलंच नव्हतं, त्यामुळे आमच्या घरातली पहिली चौकट माझी. पूजेसाठी भिवापूरहून पंचफुला आत्या आली, येताना मिरच्या घेऊन. आणि बाबा नेमके कळमेश्वरला, कुठला तरी बंद पडलेला कारखाना मोडायला काढला होता, तिथलं वॉशबेसिन पाहायला.

आता दृश्य डोळ्यांपुढे आणा. भिंती नाहीत. चौकट आधी उभी करतात, भिंती मग तिला येऊन मिळतात. म्हणजे मोकळ्या प्लॉटवर मधोमध एक चौकट, आणि आत कोणतं नि बाहेर कोणतं, हे कोणी सांगावं? कवडू मिस्त्रींनी विचारलं, "बाई, कोयंडा कोणीकडं करू?"

आत्या म्हणाली, "अशी फुलाची कडी आहे, लोकायले दिसाले नको? बैठकीकडं करा."

मी म्हटलं, "आत्या, कडी आतून…" पण तुम्हाला माझा आवाज माहीत नाही. मी वर्गात हजेरी देते तरी बाई मला गैरहजर लावतात. त्यात नारळ फुटला.

संध्याकाळी बाबा आले, वॉशबेसिन घेऊन. त्यांच्या एका नजरेत लक्षात आलं. मला वाटलं, आता काढतील. तर आत्या म्हणाली, "हळदकुंकू लागलं तिले. आता हालवाची नाही." बाबांनी चौकटीवर हात फिरवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले… जाऊ द्या, काय म्हणाले ते तुम्हाला पाठ झालं असेल.

तर आता अशी सोय आहे की मला कोणीही आत कोंडू शकतं आणि मी कोणालाच बाहेर ठेवू शकत नाही. तुम्हाला वाटेल मी वाढवून सांगते. परवाच आत्या आली होती, मांजर शिरेल म्हणून तिने जाता जाता कडी घातली. मी आत होते. मी असले तरी खोलीत कोणी नाही असंच वाटतं, त्याला ती काय करणार? मी दार वाजवलं. मग जोरात वाजवलं. पण सागवान आहे ना, जाड आहे ना… बाहेर टिकटिकसुद्धा गेली नाही! आईने मला अख्ख्या गल्लीत शोधलं, काकूंना तिकीटखिडकीतून विचारलं, आणि मी पलंगावर बसून माल पाहत होते.

सुटका झाल्यावर आई पहिल्यांदा चिडली. म्हणाली, आताच्या आता दुकानातून एक बोल्ट आणा आणि आतून ठोका. बाबांचा चेहरा पडला. "अशा लाकडाले नवीन स्टीलचा बोल्ट? मी शोधून राहिलो ना. जुना पितळी भेटू दे, त्याच्याच जोडीचा."

बाबा खरंच शोधतात हो, खोटं कशाला बोलू? रविवारी मलाही नेतात. पण पितळी बोल्ट मिळायचा म्हणजे आधी कोणाचं तरी जुनं घर पडायला हवं.

त्यामुळे हल्ली शाळेत जाताना मी लोकांच्या दारांकडेच पाहत जाते. आमच्या वळणावर एक जुनं घर आहे, त्याच्या आतल्या दाराला अगदी हवा तसा पितळी बोल्ट आहे, रस्त्यावरून दिसतो. मी रोज थांबून पाहते. तिथल्या आजोबांना वाटतं ही मुलगी किती गुणी, ते हात हलवतात, मीही हलवते.

त्यांच्या घराला मात्र अजून एक तडा नाही. माल चांगला आहे.