पहिलीच्या बाई

‘ईराची आई, उद्यापासून तुम्ही खोलीच्या बाहेर बसा.’

सेलिनमावशी मला हे म्हणाल्या तेव्हा माझी ईरा पहिलीत होती आणि तिची शाळा आमच्या जेवणाच्या टेबलावर भरत होती. महामारीचे दिवस. लॅपटॉपवर सगळा वर्ग लहान लहान चौकोनांत बसलेला. तास इंग्रजीत चालला होता आणि मधेच मावशी मराठीत बोलल्या. आवाज न चढवता, हसऱ्या चेहऱ्याने. ज्यांना कळायला हवं, त्यांनाच कळावं म्हणून. एका अमेरिकन मुलाने विचारलं, ही लॅटिनमधली प्रार्थना आहे का? मावशी म्हणाल्या, प्रार्थनाच आहे, कुणी ऐकली तर बरं.

फ्रान्सिसकाका, आणि इथे आलेल्या सगळ्यांनो. बाहेर एवढा बर्फ पडलाय, तरी मावशींच्या शोकसभेला लायब्ररीची ही खोली भरली आहे. मागे काही जण भिंतीला टेकून उभे आहेत. माझ्या आधी जे बोलले ते मावशींच्या प्रेमाबद्दल बोलले. ते सगळं खरं आहे. मला जे बोलायचंय ते वेगळं आहे आणि ते काकांच्या समोर बोलणं मला फार जड जातंय. सांभाळून घ्या.

जे त्यांना फारसे ओळखत नव्हते त्यांच्यासाठी सांगते. सेलिनमावशी वसईच्या. तिथल्या चर्चच्या शाळेत त्या पहिलीला शिकवायच्या. लग्नानंतर काकांच्या नोकरीमुळे न्यू जर्सीला आल्या, इथल्या परीक्षा दिल्या आणि आपल्या मुलांच्या कॅथलिक शाळेत पुन्हा पहिलीचाच वर्ग घेतला. मुलं त्यांना मिसेस एल म्हणायची. आपण मावशी म्हणायचो. वरचे वर्ग मिळत होते, त्यांनी कधी घेतले नाहीत. त्यांना पहिलीच हवी असायची.

आणि आपण त्या शाळेत कसे गेलो, आठवतंय? आपण कॅथलिक नाही. पण सरकारी पब्लिक शाळा बहुतेक वर्षभर स्क्रीनवरच राहणार, असं दिसत होतं. या शाळेने सांगितलं, सुरुवातीचे काही आठवडे घरून, मग वर्ग उघडणार. आपल्या घरात नवराबायको दोघांचे कॉल, मधे मूल. आपण धावत जाऊन नावं घातली. येशूचा फोटो बघून माझ्या सासूबाईंनी फोनवर विषय बदलला, तेवढंच.

ते सुरुवातीचे आठवडे. त्या आठवड्यांत आपण काय करत होतो? आपण मुलांच्या शेजारी बसत होतो. कॅमेऱ्यात दिसणार नाही असं. उजव्या बाजूला, थोडं वाकून. मावशी विचारायच्या, हे अक्षर कुठलं, सहातून दोन गेले तर किती? आणि आपण हळूच उत्तर सांगायचो. आपण सगळे परीक्षा देत देत इथवर आलेली माणसं. आपल्या मुलाला उत्तर येत नाही आणि बाकीची मुलं बघतायत, हे आपल्याला बघवायचं नाही. दोन क्षणसुद्धा नाही.

हेमंत, तू हसतोयस. हस. तुझ्या अर्णवने एकदा भर वर्गात उत्तर दिलं होतं, ‘फोर, बोल ना पटकन.’ तू जे कुजबुजलास ते सगळंच त्याने म्हणून टाकलं. आपण महिनाभर त्यावर हसलो. मावशीही हसल्या होत्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं आणि मी बसले नाही. मी खुर्ची फक्त थोडी मागे घेतली.

मग शाळा उघडली.

तो दिवस तुम्हाला आठवत असेल. गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत. पालकांनी गाडीतून उतरायचं नाही, असा नियम. खिडकी खाली केली की एक बाई पोरांच्या कपाळावर ताप मोजायची. मास्कच्या वर फक्त डोळे दिसत होते. आत बाकं लांब लांब, प्रत्येकाच्या पुढे प्लास्टिकचा पारदर्शक पडदा. ईरा आपली आपण चालत आत गेली आणि मी गाडीत बसून कॉफी प्यायले, कितीतरी दिवसांनी एकटीने. मला इतकं हलकं वाटलं होतं.

आत काय झालं ते मला नंतर मावशींनीच सांगितलं. प्रार्थना झाली. त्यांनी फळ्यावर एक सोपा शब्द लिहिला आणि विचारलं, कोण वाचेल? कुणीच वाचेना. मग एकेकाला नाव घेऊन विचारलं. आणि आपली मुलं, आपल्या या मराठी पालकांच्या ग्रुपमधली मुलं, एकामागून एक मान वळवून उजवीकडे बघायला लागली. तिथे कुणी नव्हतं. तिथे भिंत होती. ईरा त्या भिंतीकडे बघत राहिली आणि मग रडली.

मावशींना सगळं कळलं. त्यांनी पुस्तकं बाजूला ठेवली आणि पहिले काही आठवडे मुलांना एकच गोष्ट शिकवली: चुकीचं उत्तर मोठ्याने द्यायला. चुकलं की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. धडे मागे पडले. वाचनाच्या चाचण्या झाल्या, त्यात आपली मुलं खाली गेली. आणि ते कागद आपल्या घरी आले.

मग आपण काय म्हणालो? घरी तर सगळं येत होतं. घरी फटाफट उत्तरं देत होती. शाळेत जाऊन विसरली कशी? ग्रुपवर मेसेजवर मेसेज. या चुकल्यावर टाळ्या वाजवतात म्हणे. यांनी धडेच पुढे नेले नाहीत. आणि मग कुणीतरी म्हणालं, यांच्या उच्चारांचाही प्रॉब्लेम असेल, मुलांना अमेरिकन उच्चार ऐकायला हवेत.

आपण हे म्हणालो. आपण. ज्यांना ऑफिसात दर वाक्य दोनदा सांगावं लागतं, ते आपण.

प्रिन्सिपलबाईंशी बोलायचं ठरलं आणि तुम्ही सगळ्यांनी मला पुढे केलंत. मी व्हिडिओ कॉलवर अगदी सभ्यपणे बोलले. मावशींबद्दल आदर आहे, असं आधी म्हटलं. मग टाळ्यांचं सांगितलं, मग चाचण्यांचं, शेवटी उच्चारांचं. मावशीही त्या कॉलवर होत्या. प्रिन्सिपलबाईंनी त्यांना विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का? त्यांनी एक वाक्य बोलायचं होतं फक्त, की हे आईबाप उत्तरं सांगत होते. सगळं तिथेच संपलं असतं. त्या म्हणाल्या, मुलांना थोडा वेळ द्या, एवढंच.

नाताळच्या सुट्टीनंतर वर्गावर एक नवी तरुण शिक्षिका आली. मावशींना जेवणाच्या हॉलमध्ये नेमलं. मुलांचे दुधाचे खोके उघडून द्यायचे, टेबलं पुसायची, सुट्टीत मैदानावर लक्ष ठेवायचं. आणि दुपारी गाड्यांच्या रांगेत मुलांना गाडीत बसवायचं.

म्हणजे रोज त्या माझ्या गाडीचं दार उघडायच्या. ईराचा पट्टा लावायच्या आणि तिला विचारायच्या, आज काय चुकलं? आणि ईरा उत्साहाने सांगायची. मी आरशात रस्ता बघत असल्यासारखं करायचे. त्याआधी, आपल्या तक्रारीनंतरच्या नाताळातही, त्यांनी दरवर्षीसारखे फुगे तळून पाठवले होते. वसईचे गोल, गोडसर फुगे. प्रत्येक घरी एक डबा. माझ्याही घरी. आम्ही ते खाल्ले. मी डबा धुऊन परत केला आणि आत काहीतरी घालून द्यायचं असतं, तेही विसरले.

पुढे मुलं वाचायला लागली. वसंत ऋतू येईपर्यंत घडाघडा वाचायला लागली. आपण म्हणालो, बघा, नवी टीचर किती छान आहे.

मला राहवलं नाही तेव्हा मी एकदा त्यांना विचारलं. ओक ट्री रोडवरच्या भारतीय किराणा दुकानात भेटल्या होत्या. कोथिंबिरीच्या जुड्या उलटसुलट करून बघत होत्या. मी म्हटलं, मावशी, तुम्ही तेव्हा सांगितलं का नाहीत? त्यांनी जुडी खाली ठेवली. ‘सांगितलं असतं तर गोष्ट मुलांपर्यंत गेली असती,’ त्या म्हणाल्या. ‘पहिलीतल्या मुलाला आपली आई खोटं वागते हे कळायची काय गरज आहे?’

मी सॉरी म्हटलं. त्या म्हणाल्या, मला म्हणून काय उपयोग, शाळेत सांग. मुलं मोठी झाली की सांग. मी हो म्हटलं. मग त्यांनी मला चांगली जुडी निवडून दिली.

मित्रमैत्रिणींनो, मी सांगितलं नाही. मुलं मोठी झाली तरी नाही. दर सप्टेंबरला वाटायचं, आता सांगू. मग वाटायचं, आता त्या तिथे रुळल्यात, मुलांच्या लाडक्या आहेत, कशाला उकरायचं. मावशी काही बोलत नाहीत म्हणजे त्यांचं दुखत नसेल. किती सोयीचं असतं हे, नाही? समोरचा गप्प आहे म्हणून त्याला लागलेलं नाही, असं धरून चालणं.

त्या गेल्या त्या दिवशी मी ईराला जवळ बसवून सगळं सांगितलं. आता ती सहावीत आहे. मला वाटलं, तिला धक्का बसेल. ती म्हणाली, ‘मॉम, वी ऑल न्यू. यू गाइज वर सो लाउड.’ त्यांना सगळ्यांना माहीत होतं. तेव्हापासून. ज्यांच्यासाठी मावशी गप्प बसल्या, ती मुलं आमचं खोटं रोज ऐकत होती. आता त्या गप्प राहण्याला काही कारण उरलेलं नाही. फक्त आपली लाज उरली आहे.

आता काकांबद्दल. काका, तुम्ही म्हणाला होतात की हे बोलू नकोस. मला माफ करा.

या आठवड्यात शाळेने पालकांना बातमीपत्र पाठवलं. त्यात मावशींचा फोटो आहे आणि खाली लिहिलं आहे, आपल्या लाडक्या लंच एड, म्हणजे जेवणाच्या हॉलमधल्या मदतनीस. बस. मी परवा काकांना डबा घेऊन गेले तेव्हा ते फोनवर तेच बघत बसले होते. ‘तिने जन्मभर पहिली शिकवली,’ ते म्हणाले. ‘शेवटी यांनी तिला दूध वाटणारी केली.’ मग म्हणाले, दूध वाटणं वाईट नाही, ती तेही मनापासून करायची. पण ती शिक्षिका होती गं.

पुढच्या शनिवारी चर्चमध्ये मावशींसाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, आहे. प्रिन्सिपलबाई तिथे बोलणार आहेत, सगळ्या शाळेसमोर. त्या काय म्हणणार? त्यांना जे माहीत आहे तेच म्हणतील. एक चांगली बाई होती, पण शिकवणं तिला जमलं नाही. एवढ्या स्पष्ट शब्दांत नाही म्हणणार. शिक्षिका हा शब्द टाळून म्हणतील. आणि काका पहिल्या बाकावर बसून ते ऐकतील.

आपण ज्या मुलांचं कौतुक करतो, ती वाचायला शिकली ती त्या टाळ्यांमुळे. चुकायची भीती गेली म्हणून. हे इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. फक्त प्रिन्सिपलबाईंना माहीत नाही, कारण त्यांना सांगायला कुणी गेलं नाही.

थोड्या वेळाने आपण उभे राहू आणि मावशींसाठी मौन पाळू. त्या मौनाची मला जरा भीती वाटते. त्यांच्या बाबतीत आपण गप्पच राहत आलो आहोत. म्हणून त्याआधी एक विनंती.

सोमवारी सकाळी मुलांना सोडलं की रांगेतून गाडी बाहेर काढू नका. पार्क करा. उतरा. माझ्याबरोबर ऑफिसात या आणि प्रिन्सिपलबाईंना सांगा की उत्तरं आपण सांगत होतो. मिसेस एलचं काही चुकलं नव्हतं. शनिवारी त्यांचं नाव घ्याल तेव्हा पहिलीच्या शिक्षिका म्हणा. मी एकटी गेले तर ते एका आईचं म्हणणं होईल. तेव्हा आपण सगळे होतो, म्हणून त्यांनी ऐकलं.

मला माहीत आहे, कुणाचा साडेआठला कॉल असेल. कुणाची मुलं आता दुसऱ्या शाळेत आहेत. कुणाला वाटेल, मुलांची शिफारसपत्रं त्याच बाईंकडून घ्यायची आहेत, आता कशाला. कुणी म्हणेल, गेलेल्या माणसाला काय फरक पडतो. हेमंत, तू मान खाली घातली आहेस. मी रागावणार नाही. ही सगळी कारणं मी स्वतः वापरली आहेत.

तुम्ही येणार नाही असंच मला वाटतं. तरी विचारते. सोमवारी माझ्याबरोबर आत याल?