दोन साडू आणि दोन ग्राफिक्स कार्डं

ऐका मंडळी, आधी एक प्रश्न. माणसाचा जीव वस्तूवर असतो, की ‘माझी’ या शब्दावर? उत्तराची घाई नको. आधी कराडला जयवंतरावांच्या घरी चला.

जयवंतराव पाटबंधारे खात्यात अभियंता. छंद एकच – संगणकावर गाड्यांची शर्यत! आता ही गाडी पडद्यावर सरसर पळवतं कोण? ग्राफिक्स कार्ड! आजोबा, नुसती मान हलवू नका, मलाही परवाच कळलं. जयवंतरावांनी बाजारातलं सगळ्यात महागडं कार्ड आणलं. महिन्याभरात त्यांचे साडू सुहास यांनी दुसऱ्या कंपनीचं घेतलं – चाळीस हजारांनी स्वस्त!

झालं! जयवंतराव म्हणाले, “माझं सेकंदाला एकशे साठ चित्रं काढतं.”

“माझं दीडशे,” सुहास म्हणाले. “वरचं एकेक चित्र चार हजारांना पडलं की हो तुम्हाला.”

वर्मी लागलं! जयवंतराव सुहासच्या मुलीच्या बारशालाही गेले नाहीत. बायको मेधा एकटीच गेली. सख्ख्या बहिणी फोनवर चोरून बोलू लागल्या. अहो, कार्डाला थंड ठेवायला तीन-तीन पंखे – आणि माणसं तापलेली!

सासरे विट्याचे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी दोन्ही जावयांना संगणकासकट बोलावलं. पेट्या चादरीआड लपवल्या, समोर सारखेच पडदे मांडले.

“दोन्हींवर खेळा,” म्हणाले, “आणि आपापलं ओळखा.”

जयवंतराव डावीकडे खेळले, उजवीकडे खेळले, पुन्हा डावीकडे. कपाळावर घाम! काही फरकच दिसेना. पण कबूल कोण करणार? शेवटी म्हणाले, “डावीकडचं माझं. लोण्यासारखं चालतंय. उजवीकडचं अडखळतं.”

सुहास म्हणाले, “अडखळतं ते डावीकडचं. उजवीकडचं माझं.”

सासऱ्यांनी चादर ओढली. डावीकडे सुहासचं, उजवीकडे जयवंतरावांचं!

जयवंतरावांनी त्या पेटीकडे पाठ फिरवली. मग खालच्या आवाजात म्हणाले, “सुहास, मुलगी कुठंय तुझी? मी पाहिलीच नाही अजून.”

सुहासनं लेक आणून त्यांच्या मांडीवर दिली. पोरीनं पहिल्या झटक्यात काकांचा चष्मा ओढला – आणि काकांनी ओढू दिला.

हसताय मंडळी? हसा. पण एखाद्या गाडीपायी, मोबाइलपायी, कुणाचं दार तुम्ही टाळलंय? नाव आठवलं ना? मग प्रसाद घ्या, आणि घरी जायच्या आधी तिकडे जाऊन या.