साहेब बोटीत बसला त्या दिवशी

...आणि वर मास्तर मलाच सांगतो, "अक्का, हा इतिहासाचा फळा आहे, इथं घरातलं लिहीत नाहीत!" आता तुम्हीच सांगा, इतिहास काय रस्त्यावर जन्मतो? त्यालाही कोणाचं तरी घर असेलच ना!

तुम्हाला सांगते, यंदा देशाला स्वराज्य आलं आणि आमच्या शालिग्राम मास्तरला चावडीच्या भिंतीवर फळा आला. रोज सकाळी आंघोळ करून, गंध लावून, खडू घेऊन उभा! याच तारखेला मागे जगात काय काय घडलं ते लिहितो. मी अडाणी, मला ती अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग. पण आज सत्तावीस डिसेंबर. आज मला ऐकायचंच होतं. सुपडू चालला होता, त्याला धरला. "वाच रे." तो वाचतो, "कलकत्त्याला काँग्रेसमध्ये एक गाणं पहिल्यांदा म्हटलं गेलं. तुर्कस्तानात भूकंप झाला. फैजपूरला काँग्रेस भरली. आणि शंभरावर वर्षांमागे एक साहेब बोटीत बसला."

"बोटीत बसला? मग? बुडाला?"

"नाही वं अक्का. बसला, लांब गेला, किडे-पाखरं गोळा केली."

बोटीत बसला म्हणे! अरे, बसला तर बसला, त्यात लिहायचं काय? आणि माझी धुरपदा त्याच तारखेला बोटीत बसू शकली नाही, ते नाही लिहिलं!

थांबा, नीट सांगते. अकरा वर्षं झाली. फैजपूरला काँग्रेस भरणार, पहिल्यांदा खेड्यात, आणि तीही आपल्या खान्देशात! गावाला नुसता चेव आला. बैलांची शिंगं रंगवली, घुंगरं बांधली, भाकरी, ठेचा, घोंगड्या... गावात चौदा गाड्या, चौदाही निघाल्या, तीन दिवस आधी. आमचीही गेली. का गेली ते सांगते पुढे... सांगते हो, जीभ वळू द्या जरा.

धुरपदा माझी एकुलती एक लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. आणि दत्ताच्या पुनवेला, त्याच सत्तावीस तारखेला, सकाळीच तिला कळा! सुईण आली, पोटाला हात लावला आणि तिचा चेहराच उतरला. "पोर आडवं शे, माय. अमळनेरले लई जा, डॉक्टर पाहिजे." अमळनेर तापीच्या पलीकडे. आता गाडी? गाडी फैजपूरला! तरणी माणसं? बठ्ठी, सगळीच फैजपूरला! चार म्हातारे गोळा केले, दोघांना दमा, एकाला रातांधळेपणा, दिवस होता म्हणून बरं! बाजेवर पोरीला निजवली आणि निघालो. दर वीस पावलांवर बाज खाली. धुरपदा त्यातही म्हणते, "माय, या म्हाताऱ्यायले खांदा देता येत नाही तं मीच चालू का?" हसली हो! तशातही हसली.

काठाला पोचलो तर नाव खुंटाला बांधलेली आणि नाववाला? अहो, नाववालाही फैजपूरला! नाव हलतेय पाण्यात, रिकामी. आम्ही काठावर हाका मारतोय. कोणाला? पाण्याला? तिथंच बाभळीखाली पोर झाली. पोर जगली. पोरीची माय गेली. साहेब बोटीत बसला म्हणे!

तिसऱ्या दिवशी गाड्या आल्या, घुंगरं वाजवत. आमचे हे टोपी घालून, पार मोठ्या माणसासारखे, दारातूनच ओरडले, "अहो, काय गर्दी सांगू!" मग गर्दी सांगायची राहिलीच. अजून सांगितली नाही.

तेव्हापासून आमच्या घरात वर्षातून दोनदा मरण. माझं पुनवेला. ह्यांचं सत्तावीस तारखेला. ते टोपी काढून ओट्यावर बसतात. कधी पुनव आधी, कधी तारीख आधी. मी रडते तेव्हा ह्यांचे डोळे कोरडे, ह्यांचे भरतात तेव्हा माझा स्वयंपाक चालू. आणि यंदा बघा, अकरा वर्षांनी दत्ताची पुनव आणि सत्तावीस तारीख एकाच दिवशी! दोघं बरोबर बसलो ओट्यावर. एकाच दिवसात भागलं.

म्हणूनच मास्तरकडे गेले. म्हटलं, लिही. तो आधी नाही म्हणाला, मग मी फळ्याखाली बसूनच राहिले, तेव्हा खडू घेतला. "नाव?" म्हटलं, "धुरपदा भिकुबाई." "अक्का, बापाचं नाव लिहितात." म्हटलं, "बाप फैजपूरला होता, माय हजर होती. मायचं लिही!" लिहिलं बिचाऱ्यानं.

म्हटलं, "अजून लिही." आता ऐका, हे अकरा वर्षांत मी ह्यांनाही सांगितलं नाही. गावातल्या सगळ्या पोटुशींचा हिशोब माझ्याकडे. पुनव आली की जात्याच्या खुंट्याला बांधलेल्या दोऱ्याला एक गाठ. माझी गाठ कधी चुकली नाही. पण त्या साली भादवा दोनदा आला, पहिला धोंड्याचा, अधिक महिना. धोंड्यात शुभ काम करत नाहीत, म्हणून मी गाठ मारली नाही. देवाला चालत नाही म्हणून मारली नाही हो! महिना देवानं मोजला नाही, पण पोटातल्या पोरीनं मोजला. हे विचारत होते, "गाडी ठेवू का घरी? पोर अवघडलेली आहे." मी दोरा दाखवला. "सातच गाठी आहेत. आठवा लागलाय. जा तुम्ही, काँग्रेस काय रोज येते दारात?"

मास्तरच्या कॅलेंडरात धोंडा नसतो. यंदाही धोंड्याचा श्रावण आला, म्हणून तर पुनव सरकून तारखेशी येऊन बसली. धोंड्यानंच नेली, धोंड्यानंच दिवस जुळवून दिला. म्हटलं, "मास्तर, लिही. मायने एक महिना कमी मोजला."

खडू चालल्याचा आवाज आला. मला बरं वाटलं. हलकं.

मग दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला धरते, वाच रे. तोताराम वाचतो, "धुरपदा भिकुबाई तापीकाठी वारली." पुढं? "पुढं भूकंप, अक्का." सुपडू परत आला, तोही तिथंच थांबला. दुपारी इंदिरा आली, धुरपदाची पोर, बाभळीखालची, आता मास्तरच्याच शाळेत जाते. तिनं बोट ठेवून वाचलं, आईच्या नावावर बोट जरा जास्त ठेवलं, आणि तीही तिथंच थांबली.

गेले मास्तरकडे. "ते वाक्य कुठंय?" खाली मान घालून म्हणतो, "जागा संपली, अक्का." म्हटलं, "साहेबाच्या बोटीला आहे ती जागा?" तर हळूच म्हणतो, "इंदिरा रोज फळा वाचते हो."

एवढा शिकलेला माणूस, तुर्कस्तानचा भूकंप त्याला ठाऊक, साहेब कधी बोटीत बसला ते ठाऊक... पण खरा इतिहास सांगितला, तर लिहिता येत नाही बघा त्याला!